कडेला सुका, मधे ओला

मला एक खोड आहे. कुणाच्याही घरी गेलो की बसायच्या आधी गादीवर तळहात दाबतो. दाबायचा, सोडायचा आणि फोम वर यायला किती वेळ लावतो ते बघायचं. चांगला फोम हाताच्या मागोमाग वर येतो. मेलेला फोमही येतो, पण आळोखेपिळोखे देत, आणि पूर्ण वर येतच नाही. त्या घरच्यांना वाटतं, काय चिकित्सक माणूस आहे हा! वाटू दे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये मी तेवीस वर्षं फोम कापतोय. गाद्या, सोफ्याच्या सीटा, दवाखान्यातल्या टेबलांवरच्या जाड पट्ट्या, सगळं माझ्या सुरीखालनं गेलंय.

आणि तरीसुद्धा माझ्या बापाच्या पाठीखालचा फोम मेला ते मला दीड महिना कळलं नाही. तेच सांगायचं आहे. तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. मूळचे मंगळवेढ्याकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सोलापुरात आले आणि यंत्रमागावर लागले. चाळीस वर्षं चादरी आणि टॉवेल विणले. मागाच्या खडखडाटानं कान निम्मे गेले होते, त्यामुळं घरातसुद्धा ते मोठ्यानंच बोलायचे. माझा आवाज कुणावर गेला हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की ते मोठ्यानं बोलायचे आणि मी ओरडतो. माझी बायको त्याच पायी माहेरी गेली ती परत आली नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. घरात राहिलो तिघंच, आई, आप्पा आणि मी.

माझा धंदा आप्पांना कधी पटला नाही. "विनलं न्हाय, पिंजलं न्हाय, नुसतं फुगवलं," म्हणायचे. "त्यात मानसाचा हात कुटं हाय?"

"तुमच्या कापसाच्या गादीची वर्षात ढेकळं होत्यात, आप्पा."

"व्हत्यात की. मग पिंजून घ्यायची. तुजा स्पंज पिंजून देतोस का मला?"

यावर मी ओरडायचो. मग आई ताट पुढं सरकवायची आणि म्हणायची, "जेवा की आता गप, दोघंबी."

गेल्या वर्षी शिवरात्र झाली आणि त्याच आठवड्यात आप्पा मोरीत पडले. अर्धांगवायू. डावी बाजू पार गेली. उजवा हात राहिला आणि जीभ राहिली. जीभ कशी जाईल! दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते चहा फुळकवणी असल्याबद्दल.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "औषधं चालूच राहतील. पण यांना जगवायचं असेल तर पाठीकडं बघा. एका जागी पडून राहिलं की हाडाखालची कातडी मरते. माकडहाडाशी एकदा जखम झाली की यांच्यासारख्या साखरेच्या पेशंटची ती भरत नाही. त्यातनं विष रक्तात जातं. दर दोन तासांनी कूस बदला, आणि खाली गादी चांगली घ्या."

गादी चांगली घ्या! हे कुणाला सांगताय, बाई? खोटं कशाला बोलू, तसल्या वेळीसुद्धा माझी मान ताठ झाली. बापाचा जीव ज्या वस्तूवर अवलंबून होता ती नेमकी माझ्या हातातली होती. फोमवाल्याच्या बापाला बेडसोर झाले तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, असं मी आईला रिक्षातच सांगून टाकलं.

शेडच्या शेठना विचारून मी आप्पांची गादी स्वतः केली. खाली तुकडे चिकटवून बनवतात तो कडक थर, मधे चाळीस डेन्सिटीचा, वर चार बोटं मऊ. डेन्सिटी म्हणजे ठोकळ्यात माल किती आणि हवा किती याचा हिशोब. चाळीस म्हणजे भक्कम माल, सत्तर किलोचा माणूस महिनोन्‌महिने पडून राहिला तरी त्याचं हाड खालच्या फळीला टेकायचं नाही. वर सुती खोळ शिवून घेतली आणि त्यावर रेक्झिनचा मोठा तुकडा टाकून कडेनं खोचला, म्हणजे लघवी, घाम, सांडलेलं पाणी, काही आत जायला नको.

कारण फोमचं मरण ओलीत असतं. रोज चार गिऱ्हाइकांना मी हे सांगतो. फोमच्या आत बारीक बारीक घरांची जाळी असते. वजन पडलं की त्या घरांच्या भिंती वाकतात, वजन उठलं की सरळ होतात. पाणी नुसतं पोकळीत भरलं असतं तर पिळून निघालं असतं. ते भिंतींत मुरतं आणि त्यांना लुळं करतं. त्यात अंगाची ऊब आणि वरून वजन असलं तर वाकलेल्या भिंती वाकलेल्याच राहतात. मग उन्हात चार दिवस टाका, फोम सुकतो पण उठत नाही. गिऱ्हाइक गादी घेऊन भांडायला येतं, तुमचा माल खराब म्हणतं. मी नाकाला लावून सांगतो, पोरानं मुतलंय ह्यावर, घेऊन जा.

लोखंडी कॉटवर प्लायवूड टाकून त्यावर ती गादी घातली. मी आणि शेजारच्या काकांनी आप्पांना उचलून ठेवलं. त्यांनी चांगल्या हातानं कड चाचपली, जरा दाबून बघितली आणि म्हणाले, "बरं हाय." माझ्या कामाला आयुष्यात एकदाच त्यांनी बरं म्हटलं. मी बाहेर जाऊन उगीचच गाडी पुसत बसलो.

पहिले तीन आठवडे झकास गेले. मग मार्च अर्धा सरला आणि ऊन सुरू झालं. आमच्या घरावर पत्रा आहे. दुपारी बारा ते पाच त्याखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं. कूलर एक होता, त्याची मोटार जळालेली. रेक्झिनवर पडलेल्या माणसाचं काय होत असेल ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आप्पा म्हणायचे, "पाठ शिजायलीय रे. ते कातडं काढ आन्‌ चादरीवर पानी मार."

यात त्यांचं काही खूळ नव्हतं. मागाच्या कारखान्यात उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, आणि सूत तुटलं की माग थांबतो. म्हणून दुपारी जमिनीवर पाणी मारतात, खिडक्यांना ओली गोणपाटं बांधतात. सुती धागा ओल पिऊन बळकट होतो, हे अगदी खरं आहे. आप्पा त्यांच्या कारखान्यात पाणी मारण्यात वस्ताद. कुठं किती पडायला पाहिजे ते त्यांना न बघता कळायचं. मोटारीजवळ थेंब नाही, वाटेवर चिखल नाही, नेमकं मागाखाली. घरीसुद्धा उन्हाळ्यात दुपारची चादर ओली करून पांघरायची हा आमचा जुना शिरस्ता. मीपण लहानपणी तशाच चादरीखाली झोपलोय.

पण गादीचा प्रश्न निघाला आणि मी आवाज चढवला. "त्या फोमवर एक थेंब पडला तर याद राखा! जीव जाईल तुमचा. सूत न्हाय ते!" आप्पा म्हणाले, "बरं बाबा, ऱ्हायलं."

मी सकाळी नऊला जायचो, संध्याकाळी सातला यायचो. आल्यावर बघावं तर रेक्झिन जागच्या जागी खोचलेलं, वरची चादर कोरडी, आप्पा शांत. कटकट नाही, तक्रार नाही. मला वाटलं, चला, म्हातारा ऐकतोय म्हणायचा.

नळ आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतो. दोन पिपं भरून ठेवली की पुरायचं. ते एप्रिलमध्ये तिसऱ्याच दिवशी तळाला जायला लागलं. मी आईला म्हटलं, "पानी पितीस का काय पिपानं?" म्हटलं म्हणजे काय, ओरडलोच.

ती म्हणाली, "आप्पांची कापडं लई निगत्यात रे धुवायला."

पटलं मला. न पटायला काय झालं! आजाऱ्याचं घर म्हणजे धुणं असणारच.

दर शनिवारी एक नर्सबाई यायच्या, आप्पांची साखर आणि बीपी बघायला. एप्रिलच्या मध्यात त्यांनी पाठ उघडी केली आणि जराशा थांबल्या. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. दाबला तरी पांढरा पडत नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊ, गादी बसलीय मधे. बदला."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. "बाई, तुमी पाठ बघा. फोम मला कळतो." मी कॉटच्या कडेला गेलो, रेक्झिन वर करून तळहात दाबला. फोम टुणकन वर आला. पायाशी दाबला, तिथंही तेच. "बघा की! असला माल हाय का तुमच्या दवाखान्यात?"

"मधे बघा," त्या म्हणाल्या.

मधे आप्पा झोपले होते. त्यांना हलवावं लागलं असतं, काकांना बोलवावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला गरजच वाटली नाही. मी मधे बघितलं नाही.

नर्सबाई गेल्यावर मी आईला धरलं. गादी चांगली आहे, मग डाग आला कशानं? कूस बदलत नसणार ही. "दोन तासांनी म्हंजे दोन तासांनी! झोपा काढतीस का दुपारच्या?" माझी आई सत्तरीला टेकलेली, वजनानं आप्पांच्या निम्मी. दोन्ही मनगटं सुजलेली, त्यांवर जुन्या साडीच्या चिंध्या आवळून बांधलेल्या. तिनं ती मनगटं पदराखाली घेतली आणि म्हणाली, "बदलते की रे." तेवढंच.

आप्पा पत्र्याकडं बघत पडले होते. चहावरनं दवाखाना डोक्यावर घेणारा माणूस त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

पुढच्या शनिवारपर्यंत कातडी फाटली. त्याच्या पुढच्या शनिवारी आत बोट जाईल एवढा खड्डा झाला होता. नर्सबाई एक दिवसाआड पट्टी बदलायला येऊ लागल्या. माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. मी रोज संध्याकाळी कड दाबून बघायचो. कड उत्तम होती.

एप्रिलचा शेवटचा आठवडा असेल. शेडमध्ये दुपारी वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले, आणि मी दीडच्या सुमाराला घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आई कॉटवर वाकून उभी होती. हातात तांब्या. रेक्झिन गुंडाळून कॉटखाली सरकवलेलं. आप्पा डाव्या कुशीवर कलते केलेले, पाठीला उशीचा टेकू. उजव्या हातानं ते मागच्या मागं खूण करत होते आणि बारीक आवाजात सांगत होते, "मधी मार, मधी. कडंला नगं."

कडेला नको. चाळीस वर्षांचा सवयीचा हात. वाया म्हणून एक थेंब कडेला जाऊ द्यायचा नाही.

मी काय काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारचे काका भरल्या ताटावरनं उठून धावत आले, यावरनं समजा. त्यांच्या मदतीनं आप्पांना खाली वाकळेवर घेतलं आणि मी खोळ फाडली. कडा जशा मी कापल्या तशाच पांढऱ्याशुभ्र. मधे मात्र माणसाच्या आकाराचा पिवळा, तपकिरी डाग, आणि आंबल्यासारखा वास. मी तळहात ठेवला. दाबायची वेळच आली नाही. हात सरळ खाली गेला आणि बोटांना प्लायवूड लागलं. माझा बाप इतके दिवस फळीवर झोपला होता.

मग एकेक उलगडत गेलं. मी नऊला गेलो की आई त्यांना एका कुशीवर ढकलून रेक्झिन अर्धं गोळा करायची, मग दुसऱ्या कुशीवर ढकलून उरलेलं ओढून काढायची. तांब्यानं चादरीवर पाणी मारायची. आप्पांना जरा थंड वाटायचं, डोळा लागायचा. चार वाजले की पाणी बंद. आप्पांना कुशीवर कलतं ठेवलं की सोलापूरच्या त्या कोरड्या उन्हात चादर सहापर्यंत कडक वाळायची. वरचा फोमही हाताला कोरडा लागायचा. मग पुन्हा दोन्ही कुशींवर ढकलून ती रेक्झिन होतं तसं खोचून ठेवायची, आणि खाली मुरलेली ओल आत कोंडून राहायची. वरून आप्पांची ऊब आणि वजन. रोज. एकटीनं. तिची मनगटं कूस बदलून सुजली नव्हती. माझ्यापासनं लपवून सुजली होती.

आप्पा वाकळेवर पडल्या पडल्या म्हणाले, "तिला बोलू नगंस. मीच मारायला लावत हुतो. ओल दिली की बळ येतं रे."

"सुताला येतं, आप्पा! सुताला! हे सूत न्हाय!"

"मला काय ठावं. मी जल्मभर सूतच बघितलं."

मी आईकडं वळलो. "तुला तरी कळत न्हवतं? पाठ फाटायली बघून तरी सांगायचं न्हाईस?"

ती भिंतीला टेकून उभी होती. तांब्या अजून हातात. "सांगनार हुते," ती म्हणाली.

"मग?"

"तू वरडतोस."

काका उठून बाहेर गेले. मी त्या फाटलेल्या गादीच्या कडेवर बसलो. कड अजून भक्कम होती, मला व्यवस्थित तोलून धरलं तिनं.

दुसऱ्या दिवशी नवी गादी आणली. कूलरची मोटार दुरुस्त करून आणली, जे मी मार्चातच करायला पाहिजे होतं. कूलरची हवापण ओलीच असते, म्हणून तो गादीपासनं लांब, दाराशी ठेवला. आप्पांना नव्या गादीवर ठेवल्यावर ते बराच वेळ कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "ह्याला पानी न्हाय लागत व्हय?"

"न्हाय लागत, आप्पा."

"मग बिचारं जगतं कशावर?" आणि हसले. हसताना निम्मंच तोंड हलायचं त्यांचं. मलाही हसू आलं, आणि लगेच रडू आलं. मी पट्टीचं सामान आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो.

जखम हाडापर्यंत गेली होती. चार दिवसांत ताप चढला. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि माझ्याकडं बघितलं. पूर्वी सांगितलेलं त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आप्पा गेले. शेवटचे दोन दिवस ते कारखान्यात होते. तार तुटली, माग बंद कर, म्हणत होते. आई त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायला जायची आणि मधेच हात मागं घ्यायची. मी "ठेव की," म्हटलं, तरी तिनं माझ्याकडं बघून घेतलं आणि मगच ठेवला.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी चहा पीत होतो, आई परातीत पीठ मळत होती. वर न बघता तिनं विचारलं, "माज्या पान्यानं झालं का रे?"

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "खरं सांग. तुला कळतं त्यातलं."

"बघतो करून," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं बहुतेक. कारण आईचं पाणी निर्दोष निघालं असतं तर माझा माल दोषी ठरत होता. उन्हाळा, एवढं वजन, इतके दिवस. कदाचित माझी चाळीस डेन्सिटी कोरडीसुद्धा बसली असती. ती बसलेली निघावी, असं मला फार वाटत होतं. तेवीस वर्षांत स्वतःच्या मालाचं वाईट चिंतलं ते त्या एकदाच.

शेडच्या मागं पत्र्याखाली एकाच ठोकळ्यातले दोन सारखे तुकडे ठेवले. दोन्ही प्लायवूडवर, वर फळी, फळीवर सारख्या विटा. एक कोरडा. दुसऱ्यावर रोज दुपारी तांब्यानं पाणी, मधेच, कडेला नाही, आणि संध्याकाळी वर रेक्झिन. शेठ एकदा येऊन बघून गेले.

त्या दिवसांत आईनं स्वतःची चादर एकदाही ओली केली नाही. ऊन तसंच होतं, पाऊस अजून लांब होता. कूलर लावला की ती उठून बंद करायची, गार होतंय म्हणायची. दुपारी पत्र्याखाली कोरड्या चादरीवर जमिनीवर पडून राहायची. मानेवर, पाठीवर घामोळं उठून लालेलाल झालं होतं. मी म्हटलं, "आई, फरशीवर तरी पानी मार." तर म्हणाली, "नगं. ऱ्हाऊ दे." तांब्याला ती फक्त प्यायच्या पाण्यासाठी हात लावायची.

जूनच्या सुरुवातीला मी विटा उतरवल्या. अर्धा तास दोन्ही तुकडे मोकळे ठेवले. कोरडा तुकडा जवळजवळ होता तसा वर आला, नखाएवढा काय तो कमी. ओला तुकडा कडांनी उभा राहिला आणि मधे ताटलीसारखा बसलेला. उन्हात टाकला, पार सुकवला, तासातासानं जाऊन बघितला. उठला नाही.

म्हणजे माझा माल चांगला होता. आईच्या पाण्यानंच झालं होतं. आणि ते पाणी लपून का मारलं गेलं, तेही मला ठाऊक होतं. दोन्ही तुकडे सुरीनं बारीक केले आणि भंगारच्या पोत्यात भरले.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. हल्ली ती काहीही बोलायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघते. की आधीपासनंच बघत होती, माझं लक्ष नव्हतं?

"काय निगालं?" तिनं विचारलं.

"फोमच खराब निघाला, आई," मी म्हटलं. "दोन्ही तुकडे बसले. कोरडा पन बसला. माल हलका आला हुता, माझ्या लक्षात आलं न्हाय. तुझ्या पान्याचा काय संबंध न्हाय."

"म्हंजी पानी मारलं नसतं तरी..."

"तरी तेच झालं असतं."

तिनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोल, मनात म्हटलं, बोल की. तुझ्या नवऱ्याला हलक्या मालावर झोपवला म्हणून शिव्या दे मला.

ती जवळ आली, माझ्या दंडाला हात लावला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग शेठ तुला वरडलं का रे?"

"न्हाय."

"कुनीच वरडलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आई. कुनी न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. मग पिपाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि जमिनीवर पसरलेल्या आपल्या चादरीवर पाणी मारलं.